संकष्टीचा चंद्र आणि घरचा कॅमेरा

संकष्टी चतुर्थीचा उपास ज्या घरीं नेमानें होतो, त्या घरांतील रात्रीं साडेआठ-नऊच्या सुमाराची लगबग आमच्या वाचकभगिनींस वर्णन करून सांगावयास नको. नैवेद्य तयार असतो, पानें मांडून झालेलीं असतात, मुलांच्या पोटांत कावळे ओरडूं लागलेले असतात, आणि सर्व मंडळींचें लक्ष एका गोष्टीकडे लागलेलें असतें,—चंद्र उगवला कीं नाहीं! पंचांगांत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते हें खरें. परंतु छापील वेळेनें मनाचें समाधान होत नाहीं. कोणीतरी गच्चीवर जाऊन "दिसला!" असें ओरडावें लागतें. पूर्वीं हें काम घरांतील मुलांचें असे, व आजही तें त्यांचेंच आहे. फरक एवढाच कीं, आतां मूल नुसतें ओरडत नाहीं, तर चंद्राचें चित्र घेऊन खालीं येतें. ह्या चित्रासंबंधानें ह्या महिन्यांत वाचकांशीं चार गोष्टी बोलाव्या असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या मातोश्रींचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. लग्न होऊन ह्या घरांत आल्यापासून त्यांनीं एकही संकष्टी मोडलेली नाहीं. अलीकडे मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळें गच्चीचा जिना चढणें त्यांस अशक्य झालें आहे. आणि आमच्या घराच्या पूर्वेस एक उंच इमारत उभी राहिल्यापासून खिडकींतून चंद्र दिसावयास रात्रीचे अकरा वाजतात. तोंपर्यंत त्यांनीं उपाशीं बसावें हें आम्हां कोणासच रुचत नाहीं. गेल्या भाद्रपदांतील संकष्टीस आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं ही अडचण आपल्या परीनें सोडविली. ते गच्चीवर गेले, पांच मिनिटांनीं धांवत खालीं आले, आणि आपला मोबाइल आजीपुढें धरून म्हणाले, "आजी, हा बघ चंद्र! वर ढग होते, तरी बघ कसा स्वच्छ आला!"

चित्र खरोखरच नामी होतें. काळसर डाग, लहानमोठीं विवरें, एका विवरापासून चहूंकडे पसरलेले पांढरे पट्टे, सर्व कसें कोरून काढल्यासारखें रेखीव. आम्हांस कौतुक वाटलें व तें आम्हीं बोलूनही दाखविलें. मातोश्रींनीं चष्मा लावून चित्र बराच वेळ निरखिलें, आणि मग शांतपणें विचारिलें, "ढग होते म्हणतोस, मग ह्यांत ढग कुठें आहेत? हा आत्तांचा आहे का रे?"

चिरंजीवांजवळ ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळही नव्हतें. मातोश्रींनीं पंचांगांतील वेळ प्रमाण मानून अर्घ्य दिलें, पानें वाढलीं गेलीं, आणि विषय तेवढ्यावर राहिला. परंतु तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं व चिरंजीवांनीं मिळून एक प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावर चंद्राचें एक चित्र मुद्दाम इतकें पुसट करून लावलें कीं, त्यांत एकही विवर ओळखूं येऊं नये. मग खोलींत अंधार करून, खोलीच्या दुसऱ्या टोकास उभें राहून, त्या पुसट गोळ्याचा फोटो त्याच मोबाइलनें घेतला. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु मोबाइलनें जें चित्र आमच्या हातीं दिलें त्यांत विवरें होतीं! जें समोर नव्हतें, तें यंत्रानें आपल्या पदरचें घातलें होतें.

हा प्रयोग आमच्या बुद्धीचा नव्हे. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत एका चिकित्सक गृहस्थानें एका प्रसिद्ध कंपनीच्या मोबाइलवर तो करून दाखविला, आणि त्यावर जगभर मोठी चर्चा झाली. त्या कंपनीनेंही आपली पद्धत त्या वेळीं उघड केली. चंद्राचीं पुष्कळ चित्रें पुरवून तो ओळखण्याचें शिक्षण यंत्रास दिलेलें असतें. समोर चंद्र आहे असें यंत्राच्या ध्यानीं आलें कीं, तें पुसट चित्रांतील बारकावे उठावदार करूं लागतें. चंद्र आपली एकच बाजू सदैव पृथ्वीकडे ठेवीत असल्यामुळें हें काम सोपें होतें. माणसाचा चेहरा घटकेघटकेस पालटतो. चंद्राच्या मुद्रेवरील डाग मात्र आपल्या आजोबा-पणजोबांनीं पाहिले तेच आज आपण पाहतों. सर्वच मोबाइल असें करतात असा आमचा मुळींच आरोप नाहीं. परंतु ज्या यंत्राचें भिंग वाटाण्याएवढें आहे, त्यानें ढगांआडच्या चंद्राचीं विवरें मोजून दाखविलीं, तर शंका घेण्याचा अधिकार घरांतील वडील माणसांस आहे, एवढेंच आम्ही म्हणतों.

ह्यांत बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. चंद्र तोच आहे, विवरेंही खरींच आहेत. यंत्रानें थोडा हातभार लावला तर त्यांत खोटें काय? हा प्रश्न आम्हीं स्वतःशीं पुष्कळ वेळां विचारून पाहिला. आमचें उत्तर असें आहे कीं, चित्र दोन कारणांकरितां पाहिलें जातें. एक, वस्तु कशी असते हें कळावें म्हणून. आणि दुसरें, अमुक वेळीं अमुक ठिकाणीं काय होतें ह्याची साक्ष मिळावी म्हणून. पहिलें काम शाळेच्या पुस्तकांतील चित्रही करतें. परंतु मातोश्रींनीं चंद्र कसा असतो हें विचारलें नव्हतें. साठ वर्षें त्यांनीं तो दर महिन्यास पाहिला आहे. आज तो उगवला काय, हें त्यांस हवें होतें. आणि नेमकी ती साक्ष त्या सुरेख चित्रांत नव्हती.

खऱ्या चित्राची साक्ष केवढी बळकट असते, ह्याची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील विख्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांतून मोटारीनें जात होते. दिवस मावळण्याच्या सुमारास हर्नांडेझ नांवाच्या खेड्यापाशीं त्यांस एक दृश्य दिसलें. लहानसें चर्च, त्याच्या लगतच्या दफनभूमींतील पांढरे क्रूस, मागें बर्फाचे डोंगर, आणि वर पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडचा चंद्र. क्रूसांवर पडलेलें ऊन क्षणांत नाहींसें होणार होतें, आणि घाईंत प्रकाश मोजण्याचें उपकरण सांपडेना. परंतु चंद्राच्या तेजाचा आंकडा अ‍ॅडम्स ह्यांस पाठ होता: दर चौरस फुटास २५० कँडल. त्यावरून मनांतल्या मनांत हिशेब करून त्यांनीं एक चित्र घेतलें. दुसरें घेण्याच्या तयारींत असतांनाच क्रूसांवरील ऊन गेलें. तें एकच चित्र पुढें जगप्रसिद्ध झालें.

गंमत अशी कीं, हें चित्र आपण केव्हां घेतलें हें खुद्द अ‍ॅडम्स ह्यांसच नक्की आठवेना. निरनिराळ्या ठिकाणीं त्यांनीं निरनिराळीं सालें सांगितलीं. शेवटीं खगोलशास्त्र जाणणाऱ्या मंडळींनीं चित्रांतील चंद्राचें आकाशांतील स्थान व त्याची कला ह्यांवरून गणित मांडलें. १९९१ सालीं झालेल्या सुधारलेल्या गणितानें उत्तर आलें तें असें: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटें. चित्र घेणारा माणूस विसरला, परंतु चित्रांतला चंद्र विसरला नाहीं! चंद्राचे डाग जरी नित्य तेच असले, तरी त्याची कला, त्याची उंची व त्याचा कल हीं दर रात्रीं निराळीं असतात. तो किंचित् डोलतही असतो, आणि त्यामुळें निरनिराळ्या वेळीं मिळून त्याचा सुमारें ५९ टक्के भाग आपल्यास पाहावयास मिळतो. म्हणून खऱ्या चंद्राचें प्रत्येक चित्र म्हणजे त्या रात्रीची एक सही असते. यंत्रानें शिकून काढलेल्या चित्रावर ती सही कितपत विश्वासानें वाचावी, हा प्रश्न उरतो.

असा विचार करून आम्हीं चिरंजीवांस म्हटलें, "आजीला आजचा चंद्र दाखवावयाचा, तर आपण तो स्वतःच टिपूं." आमच्या कपाटांत दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला एक डिजिटल कॅमेरा होता. लग्नामुंजींत त्याचा उपयोग झाला, आणि पुढें मोबाइल आल्यावर तो मागें पडला. त्याजबरोबर ३०० मिलिमीटरचें एक लांब भिंगही होतें. बॅटरी भारून, भिंगावरची धूळ मऊ कुंच्यानें झाडून, आम्ही कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर सज्ज झालों. आटीव दूध उकळत होतें, शेजारची मंडळी जमली होती, आणि वर शारदीय पूर्णचंद्र. आम्हीं कॅमेरा 'ऑटो'वर ठेवून मोठ्या ऐटीनें बटण दाबलें. पडद्यावर काय यावें? काळ्या कागदावर ठेवलेला एक पांढरा बत्तासा! डाग नाहीं, विवर नाहीं, कांहीं नाहीं. पुन्हां दाबलें, पुन्हां बत्तासा. शेजारच्या वहिनींनीं तर, "दुधांत घालावयास बरा आहे," असा अभिप्राय दिला.

ह्या फजितीचें कारण शोधतांना जें कळलें, तें आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांतील मुख्य गोष्ट आहे. आपण चंद्राचा फोटो घेतों तेव्हां रात्र असते ती आपल्याकडे. चंद्राच्या ज्या भागाचें आपण चित्र घेतों, तेथें लख्ख ऊन पडलेलें असतें! चंद्र हा दिवा नव्हे. तो उन्हांत असलेला एक खडकाचा गोळा आहे, आणि तोही फार उजळ नव्हे. त्याजवर पडणाऱ्या प्रकाशांपैकीं शेंकडा बाराच्या आसपासच तो परत पाठवितो. म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकाच त्याचा रंग काळपट आहे. भोंवतालच्या काळ्या आकाशामुळें तो आपल्यास रुपेरी भासतो. बिचाऱ्या कॅमेऱ्यास हें कोठून ठाऊक असणार? चौकटीचा बहुतेक भाग अंधारानें भरलेला पाहून तो समजतो कीं मध्यरात्र आहे. मग अंधार उजळण्यासाठीं तो प्रकाश वाजवीपेक्षां कितीतरी अधिक आंत घेतो, आणि चंद्र जळून त्याचा बत्तासा होतो. कॅमेऱ्यास आपण सांगावयास हवें कीं, "बाबा, ही रात्र नव्हे, ही दुपार आहे!"

हें सांगण्याची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याची कळ 'मॅन्युअल'वर न्यावी. छायाचित्रकारांचा एक जुना आडाखा आहे. पूर्ण चंद्रासाठीं भिंगाच्या छिद्राचा आंकडा 'एफ ११' ठेवावा, आणि संवेदनशीलतेचा जो आय.एस.ओ. आंकडा असेल, सेकंदाचा तितकावा भाग शटर उघडें ठेवावें. म्हणजे आय.एस.ओ. १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. छिद्र थोडें मोठें, म्हणजे 'एफ ८' केलें, तर शटर त्याच्या निम्मा वेळ, सेकंदाचा दोनशेंवा भाग पुरे. (हा आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें, हें ध्यानांत ठेवावें.) अष्टमीच्या अर्ध्या चंद्रास सुमारें चौपट प्रकाश द्यावा लागतो, कारण तेथें ऊन तिरपें पडलेलें असतें. क्षितिजाजवळच्या चंद्रास, धूळ व धूर ह्यांच्या मानानें, आणखी कांहीं अधिक. पहिल्या चित्रांत डाग दिसेनात तर शटरचा वेळ निम्मा करावा, फार काळें आलें तर दुप्पट करावा. तीन-चार प्रयत्नांत योग्य तो आंकडा हातीं लागतो. डिजिटल कॅमेऱ्याचा मोठा गुण हाच कीं, फिल्म वायां जाण्याची धास्ती नाहीं, आणि चूक तेथल्या तेथें दिसते.

१८४० सालीं न्यूयॉर्क येथें जॉन विल्यम ड्रेपर नांवाच्या विद्वानानें चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चंद्राचें चित्र उतरविलें, तेव्हां त्यास सुमारें वीस मिनिटें प्रकाश धरावा लागला होता. १९७५ सालीं अमेरिकेंत स्टीव्हन सॅसन ह्यांनीं पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला; त्याचें चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें असे, व तें फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आज आमच्या कपाटांतील जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रांत दोन कोटी चाळीस लक्ष ठिपके येतात, आणि चंद्रास सेकंदाचा दोनशेंवा भाग पुरतो. असें साधन घरांत असून त्यावर धूळ बसूं द्यावी, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटली.

दुसरी अडचण आकाराची. उगवता चंद्र आपल्यास परातीएवढा वाटतो. परंतु ती दृष्टीची फसवणूक आहे. हात लांब करून धरलेला वाटाण्याचा दाणा त्यास झांकूं शकतो. क्षितिजावर असतां झांकतो, आणि डोक्यावर आला तरी झांकतो. मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. चंद्राचा व्यास आकाशांत सुमारें अर्धा अंश भरतो. त्यावरून असा हिशेब निघतो कीं, भिंगाची लांबी जितके मिलिमीटर असेल, त्यास ११० नीं भागावें, म्हणजे कॅमेऱ्यांतील पटलावर चंद्र किती मिलिमीटरचा उमटेल तें कळतें. ५० मिलिमीटरच्या नेहमींच्या भिंगानें तो अर्धा मिलिमीटरही भरत नाहीं. आमच्या ३०० मिलिमीटरच्या भिंगानें तो पावणेतीन मिलिमीटरांच्या आसपास येतो, व आमच्या कॅमेऱ्यावर त्याच्या व्यासांत सुमारें सातशें ठिपके मावतात. चंद्राचा खरा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे एक ठिपका पांच किलोमीटरांचा झाला. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिणेकडील भागांत उतरलें, तें आपल्या चित्रांत दिसेल काय, असें चिरंजीवांनीं उत्सुकतेनें विचारलें. हा हिशेब मांडून दाखवितांच त्यांचें त्यांसच उत्तर मिळालें. यान दिसणार नाहीं, परंतु तें कोणत्या बाजूस आहे तेवढें बोट ठेवून दाखवितां येईल. गुणाकार-भागाकाराचा असा उपयोग त्यांस शाळेंत कधीं दिसला नव्हता.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. लांब भिंग हातांत धरलें तर नाडीच्या ठोक्यानेंही चित्र हलतें. ट्रायपॉड आमच्याजवळ नव्हता. तेव्हां गच्चीच्या कठड्यावर तांदुळाची पिशवी ठेवून तिच्यांत कॅमेरा रुतवून बसवावा अशी युक्ति काढली. आमच्या गृहिणीनें प्रथम हरकत घेतली, परंतु कारण ऐकून जुन्या तांदुळाची नव्हे, तर रेशनच्या तांदुळाची पिशवी देण्याचें मान्य केलें. बटण दाबतांना बसणारा धक्का टाळण्यासाठीं कॅमेऱ्यांतील दोन सेकंदांचा 'टायमर' लावावा. चंद्रही स्थिर नसतो. दोन मिनिटांत तो आकाशांत आपल्या रुंदीइतका सरकतो. शटर एक सेकंद उघडें राहिलें तर आमच्या चित्रांत तो पांच-सहा ठिपके पुसला जातो. म्हणून शटर जलद असावें. फोकसही स्वतः करावा. मागील पडद्यावर चंद्राची कड मोठी करून पाहावी, आणि ती कड धारदार दिसेपर्यंत भिंगाची कडी अगदीं सावकाश फिरवावी. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून वर जाणारी ऊन हवा चंद्रास पाण्यांतल्याप्रमाणें हालविते. तेव्हां शक्य तर चंद्र वर येईपर्यंत थांबावें. क्षितिजापासून तीस अंश वर आलेल्या चंद्राचा प्रकाश डोक्यावरील चंद्राच्या दुप्पट हवेंतून येतो, आणि क्षितिजाजवळ तर ही हवा कितीतरी पट वाढते.

आतां कोणती रात्र निवडावी? आपण सारे कोजागिरीस कॅमेरे बाहेर काढतों. परंतु विवरें पाहावयाचीं तर पौर्णिमेची रात्र सर्वांत गैरसोयीची! नांगरलेलें शेत भर दुपारीं सपाट दिसतें, आणि दिवस कलला म्हणजे प्रत्येक ढेंकळाची सावली पडून उंचसखलपणा डोळ्यांस दिसूं लागतो. पौर्णिमेस चंद्रावर सूर्य आपल्या पाठीमागून पडतो, आणि सावल्या नाहींशा होतात. त्या रात्रीं डाग व टायको नांवाच्या विवरापासून निघालेले पांढरे पट्टे उत्तम दिसतात. ज्या डागांवरून आपल्या पूर्वजांनीं चंद्रास शशांक व मृगांक हीं नांवें दिलीं, तो ससा किंवा तें हरिण शोधावयास हीच रात्र चांगली. परंतु डोंगर व विवरें शुक्ल पंचमीपासून दशमीपर्यंत, जेथें चंद्राचा उजेड संपून काळोख लागतो त्या सीमेवर पाहावीं. नवमी-दशमीच्या सुमारास कोपर्निकस हें ९३ किलोमीटर रुंदीचें विवर त्या सीमेपाशीं येतें, आणि आमच्यासारख्या साध्या भिंगांतूनही तें एखाद्या लहानशा वाटीप्रमाणें उठून दिसतें. शिवाय ह्या तिथींस चंद्र सायंकाळींच वर आलेला असल्यामुळें मुलांस जागरण नको.

आश्विनांतली संकष्टी ढगांत गेली. परंतु दिवाळीनंतरच्या शुक्ल पक्षांत चिरंजीवांनीं रोज संध्याकाळीं सराव केला. वहींत तिथि, वेळ, छिद्राचा आंकडा व शटर ह्यांची नोंद ठेविली. पहिल्या दिवसाचीं चित्रें हललेलीं, दुसऱ्या दिवसाचीं धुरकट, तिसऱ्या दिवसाचीं फार काळीं. अष्टमीस मात्र पहिल्यांदाच विवरांची एक रांग स्पष्ट उमटली, आणि ती पाहून ते इतके ओरडले कीं खालच्या मजल्यावरील मंडळी वर आली. मोबाइलमधील चित्र ह्याहून दसपट सुरेख होतें, हें त्यांस ठाऊक होतें. तरीही तें पाहून ते कधीं असे ओरडल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

कार्तिकांतील संकष्टी आली. चंद्रोदय पंचांगांत दिल्या वेळीं झाला, परंतु समोरच्या इमारतीआडून तो गच्चीवर दिसावयास आणखी वीस मिनिटें गेलीं. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले म्हणजे चंद्राचा क्षय दिसूं लागलेला असतो. आणि तो उगवतांना ही झिजलेली बाजू वरच्या अंगास असते. चिरंजीवांनीं तांदुळाच्या पिशवींत कॅमेरा बसविला, आय.एस.ओ. २००, 'एफ ८' आणि सेकंदाचा शंभरावा भाग असे आंकडे लावले, आणि दहा-बारा चित्रें घेतलीं. त्यांतलें बऱ्यापैकीं एक निवडून ते खालीं आले. ह्या वेळीं ते धांवत आले नाहींत. कॅमेरा दोनही हातांत धरून सावकाश आले.

चित्र लहान होतें. चंद्र पिवळसर, कड हवेनें थरथरलेली, वरची बाजू कोणी पुसून काढल्यासारखी, आणि खालच्या भागावरून एका विरळ ढगाची पट्टी गेलेली. चिरंजीव कांहींसे ओशाळून म्हणाले, "आजी, तितका चांगला नाहीं आला." मातोश्रींनीं चष्मा पुसला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वांकून पाहिलें, आणि म्हणाल्या, "ह्यांत ढग आहे हो. आणि वरून झिजलाय. चवथीचा असाच असतो." मग किंचित् थांबून त्यांनीं पडद्यास नव्हे, तर पूर्वेकडील भिंतीकडे तोंड करून हात जोडले, आणि आंत पाहून म्हणाल्या, "पानें घ्या. दिसला."

फोटो पाहून संकष्टीचें चंद्रदर्शन शास्त्रतः घडतें काय, हा प्रश्न आमच्या अधिकाराबाहेरचा आहे. मातोश्रींनीं अर्घ्य पूर्वींप्रमाणेंच पंचांगाच्या वेळेस धरून दिलें. परंतु त्या रात्रीं त्यांस मिळालेलें समाधान आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आपल्या मुलांच्या हातीं आज अशीं यंत्रें आहेत कीं, तीं न पाहिलेली वस्तुही पाहिल्याप्रमाणें दाखवूं शकतात, आणि पुढें तीं अधिकच कुशल होतील. त्यांचा द्वेष करून भागणार नाहीं. परंतु "हें आत्तांचें आहे काय? हें तूं पाहिलेंस काय?" हा प्रश्न घरांत कोणीतरी विचारीत राहिलें पाहिजे; आणि मुलांस त्याचें "हो" असें उत्तर देतां यावें, एवढी संधि व एवढें साधन आपण त्यांस दिलें पाहिजे. वादावादीनें जें साधलें नसतें, तें आमच्या घरीं एका जुन्या कॅमेऱ्यानें व तांदुळाच्या पिशवीनें साधलें.

ज्यांच्या घरीं असा एखादा कॅमेरा कपाटांत पडून असेल, त्यांनीं तो येत्या शुक्ल पक्षांत बाहेर काढावा. मार्गशीर्षांतील पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीच्या रात्रीं, आपल्याकडे चंद्र मध्यरात्रीं जवळजवळ डोक्यावर येतो. थंडीनें आकाशही बहुधा निवळलेलें असतें. परंतु पौर्णिमेची वाट न पाहतां अष्टमीपासूनच आरंभ करावा. पहिल्या दिवशीं बत्तासा येईल, त्यानें खट्टू होऊं नये. मुलांनीं नोंदवही ठेवावी, आणि घरांत गच्चीवर जाऊं न शकणारें कोणी वडील माणूस असेल, तर पहिलें खरें चित्र त्यांस नेऊन दाखवावें.